सुजलेल्या हाताचा इतिहास

शस्त्रवैद्यकाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा विजयांचीच नोंद ठेवतात. कोणत्या सालीं कोणत्या शस्त्रवैद्यानें कोणता असाध्य रोग साध्य केला, किती रोगी वांचले, हें त्यांच्या ग्रंथांत सविस्तर सांपडतें. परंतु त्या विजयासाठीं रोग्यास काय किंमत द्यावी लागली, तिचा हिशेब तळटीपेंतही क्वचितच आढळतो. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हें याचें ठळक उदाहरण होय. या शस्त्रक्रियेनें असंख्य स्त्रियांचे प्राण वांचविले. त्याचबरोबर त्यांपैकीं अनेकींच्या वांट्याला एक नवेंच दुखणें आलें. ज्या बाजूस शस्त्रक्रिया झाली त्या बाजूचा हात कांहीं महिन्यांनीं, कधीं कधीं कांहीं वर्षांनीं, सुजूं लागे. प्रथम बोटांतील अंगठी निघेनाशी होई. मग बांगड्या मनगटांत रुतत. पोलक्याची एकच बाही दंडाला घट्ट होई. आरंभीं संध्याकाळीं आलेली सूज रात्रीच्या विश्रांतीनें उतरे. पुढें ती सकाळींही तशीच राही. आणि अखेरीस हात जड व कठीण होऊन स्वत:चाच भार स्वत:स सोसेनासा होई. या विकारास लिंफेडेमा असें नांव आहे. मराठींत त्यास लसीकाशोथ म्हणतां येईल. वैद्यकानें हा विकार ओळखूनही दीर्घकाळ दुय्यम कां मानला आणि त्यावरील इलाज शेवटीं कोणत्या अनपेक्षित दिशेनें आला, ही कथा जितकी उद्‌बोधक तितकीच प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे.

या विकाराचें मूळ समजण्यासाठीं शरीरांतील एका सहसा न दिसणाऱ्या जलमार्गाची ओळख करून घेतली पाहिजे. रक्त हृदयांतून निघतें व फिरून हृदयांतच येतें, हा सिद्धान्त विल्यम हार्वेनें १६२८ सालीं प्रसिद्ध केला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. त्यापूर्वीं सहा वर्षें, २३ जुलै १६२२ रोजीं, इटलींतील गास्पारो असेली हा शरीरशास्त्रज्ञ नुकतेंच पोटभर अन्न खाल्लेल्या एका कुत्र्याचें विच्छेदन करीत होता. आंतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचें एक जाळें दिसलें. प्रथम त्याला ते मज्जातंतू वाटले. परंतु त्यांतील एक कापतांच दुधासारखा द्रव बाहेर आला. १६५१ सालीं फ्रान्समधील झां पेके यानें हा द्रव छातींतून वर जाणाऱ्या एका मोठ्या नळीवाटे रक्तास मिळतो असें दाखविलें. स्वीडनमधील ओलोफ रुडबेक यानें १६५२ सालीं राणी क्रिस्तिना हिच्यासमोर या वाहिन्यांचें प्रात्यक्षिक केलें, आणि पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमधील थॉमस बार्थोलिन यानें त्यांना लिंफवाहिन्या हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत लिंफ म्हणजे निर्मळ पाणी. पुढें १७८७ सालीं इटलीच्याच पाओलो मास्कान्यी यानें मृत देहांतील या सूक्ष्म वाहिन्यांत पारा भरून साऱ्या शरीराचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हां हा जलमार्ग किती विस्तृत आहे याची जगाला प्रथम कल्पना आली.

या वाहिन्यांचें कार्य शेताच्या उपमेनें चांगलें समजतें. पाटाचें पाणी वाफ्यांत सोडलें म्हणजे कांहीं मुळें शोषून घेतात, आणि उरलेलें पाणी चरांतून वाहून ओढ्यास मिळतें. चर बुजले तर वाफ्यांत पाणी तुंबतें व पीक सडूं लागतें. शरीरांत रक्तवाहिन्या हे पाट, पेशी हें पीक आणि लसीकावाहिन्या हे चर होत. रक्तांतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर थोडीं प्रथिनेंही बाहेर पडतात. तीं परत नेण्याचें काम मुख्यत्वें याच वाहिन्या करतात. पाणी केशवाहिन्यांतून कोणत्या बलानें बाहेर येतें व कोणत्या बलानें आंत ओढलें जातें, याची मीमांसा इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १८९६ सालीं केली. वाहिन्यांच्या मार्गांत ठिकठिकाणीं लहान गांठी असतात. त्या या पाण्याच्या गाळण्या होत. जंतू, मृत पेशी, कर्करोगाचे कण हें सर्व तेथें अडतें.

अशा गांठींचा एक मोठा समूह काखेंत असतो. हाताची बहुतेक सर्व लसीका आणि स्तनाची बरीचशी लसीका याच ठिकाणाहून पुढें जाते. पुढील साऱ्या कथेचें बीज निसर्गाच्या या योजनेंत आहे. स्तनांतील कर्करोग ज्या वाटेनें पसरतो तीच हाताच्या पाण्याचीही वाट आहे. शस्त्रवैद्यानें रोगाची वाट तोडली कीं हाताची वाटही तुटते.

गुंगीचें औषध सांपडण्यापूर्वीं स्तनाची शस्त्रक्रिया म्हणजे वेगाची शर्यत असे. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी यांच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजीं पॅरिस येथें त्यांच्या राहत्या घरीं अशी शस्त्रक्रिया झाली. ती करणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्यांतील विख्यात शस्त्रवैद्य लारे हे होते. थोडें मद्य आणि तोंडावर एक झिरझिरीत हातरुमाल, एवढेंच काय तें साहाय्य. त्यानंतर कित्येक महिन्यांनीं बहिणीस लिहिलेल्या पत्रांत बाईंनीं आपल्या यातनांचें जें वर्णन केलें, तें वैद्यकाच्या इतिहासांत चिरस्मरणीय ठरलें आहे. सुदैवानें त्या पुढें २८ वर्षें जगल्या. परंतु अशा स्थितींत काखेंतील खोलवरच्या गांठी सावकाश शोधून काढणें कोणासही शक्य नव्हतें. १८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरची गुंगी यशस्वी झाली आणि १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं आपली जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हां शस्त्रवैद्यांस वेळ मिळाला आणि वेळेबरोबर धाडसही आलें.

त्या धाडसाचे अग्रणी म्हणजे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हॉल्स्टेड. कर्करोग मूळ जागेपासून लसीकावाहिन्यांवाटे क्रमाक्रमानें बाहेर पसरतो, तेव्हां त्याच्या भोंवतालचा जितका अधिक भाग एकसंध काढावा तितकी रोग्याची सुटका निश्चित, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून ते संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचा मोठा स्नायू आणि काखेंतील सर्व गांठी एकदमच काढून टाकीत. १८९४ सालीं त्यांनीं अशा ५० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच जागीं रोग उलटण्याचें प्रमाण इतर शस्त्रवैद्यांच्या अनुभवापेक्षां इतकें कमी होतें कीं, ही मूलोच्छेदक शस्त्रक्रिया पुढें सुमारें पाऊणशें वर्षें जगभर प्रमाण मानली गेली.

त्याच लेखांत हॉल्स्टेड यांनीं हाताचाही विचार केला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, प्राणाच्या तुलनेंत अपंगत्व कितीही मोठें असलें तरी तें क्षुल्लकच होय. शिवाय या रोग्यांचें सरासरी वय पंचावन्नच्या घरांत असतें आणि समाजांत त्या आतां फारशा कार्यक्षम राहिलेल्या नसतात. आजच्या वाचकास हें विधान निष्ठुर वाटेल. ज्या घरांत पंचावन्न वर्षांची आजी पहांटेपासून चुलीपाशीं उभी असते, नातवंडें कडेवर घेते आणि सणासुदीस घरचा सारा भार उचलते, त्या घरास तर तें मुळींच पटावयाचें नाहीं. परंतु न्यायबुद्धीनें पाहिलें तर त्या काळीं हा रोग झालेली स्त्री जगेल कीं नाहीं हाच एकमेव प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाच्या ओझ्याखालीं हात दिसेनासा झाला, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, स्त्रिया जगूं लागल्यावरही कित्येक वर्षें तो दिसला नाहीं.

हॉल्स्टेड यांना मात्र तो दिसला. पण २७ वर्षांनीं. १९२१ सालीं, मृत्यूपूर्वीं एकच वर्ष, त्यांनीं स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवर स्वतंत्र लेख लिहिला आणि तिला शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग या अर्थाचें नांव दिलें. हत्तीरोग भारतास नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत तो श्लीपद या नांवानें येतो, आणि १८७२ सालीं कलकत्त्यास टिमथी लुइस यांना मनुष्याच्या रक्तांत त्या रोगाचे सूक्ष्म कृमि सांपडले. त्या रोगांत कृमींमुळें लसीकावाहिन्या निकामी होतात. येथें ती वाट शस्त्रानें तुटते. कारण निराळें, परिणाम एकच. जखमेंत जंतूंचा शिरकाव होणें हेंच या सुजेचें मुख्य कारण, असें हॉल्स्टेड यांचें मत होतें. त्यांत सत्याचा अंश होता, कारण जंतुसंसर्गानें हा विकार निश्चित बळावतो. परंतु मूळ कारण त्यांच्याच शस्त्रक्रियेच्या पोटांत होतें. पुढें मोठ्या प्रमाणावर रूढ झालेल्या किरणोपचारानेंही काखेंतील उरल्यासुरल्या वाहिन्या आखडून जात, आणि दोन्ही उपचार झालेल्या स्त्रियांस हा धोका अधिक असे.

शस्त्रानें निर्माण झालेला विकार शस्त्रानेंच दूर करावा, असें शस्त्रवैद्यांस वाटणें स्वाभाविक होतें. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील सॅम्पसन हँडली यांनीं १९०८ सालीं एक कल्पक युक्ति प्रसिद्ध केली. त्यांनीं सुजलेल्या हातांत कातड्याखालून रेशमाचे लांब दोरे ओंवले. दिव्याची वात जसें तेल ओढते तसें हे दोरे तुंबलेलें पाणी खांद्यापलीकडे ओढून नेतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आरंभीं आशा वाटली. पण शरीर परक्या धाग्यास फार काळ सोसत नाहीं. दोऱ्यांभोंवतीं तंतुमय वेष्टन तयार होई, कधीं पू होई, आणि सूज परत येई. अथेन्स येथील कोंडोलिऑन यांनीं १९१२ च्या सुमारास स्नायूंवरील आवरणाचे पट्टे कापून वरचें पाणी खोल वाहिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केला. त्याचाही गुण टिकला नाहीं.

खरा इलाज शस्त्रापेक्षां साध्या साधनांतून आला. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि बेल्जममध्यें काम करणारे शस्त्रवैद्य अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनीं १८९२ सालीं हत्तीरोगावरील ग्रंथांत तीनच उपाय सांगितले होते: अवयव उंच ठेवणें, त्यावर पट्टी बांधणें आणि मर्दन करणें. ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु शस्त्रक्रियेच्या त्या सुवर्णयुगांत पट्टी व मर्दन यांची थोरवी कोणास वाटणार? उपाय विस्मरणांत गेले.

त्यांतील मर्दनाचें पुनरुज्जीवन केलें तें डॉक्टर नसलेल्या एका दांपत्यानें. डेन्मार्कचे एमिल व एस्ट्रिड व्होडर हे पतिपत्नी १९३० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथें मर्दनोपचार करीत. जुनाट सर्दीनें आलेल्या रोग्यांच्या मानेंतील गांठी त्यांना सुजलेल्या आढळत. अशा गांठींना हात लावूं नये, असा तेव्हां वैद्यांचा दंडक होता. व्होडर यांनीं तो मोडला. मात्र सामान्य मालिशीप्रमाणें रगडून नव्हे, तर अगदीं हलक्या, वर्तुळाकार, कातडें केवळ ताणलें जाईल अशा स्पर्शानें. १९३६ सालीं पॅरिस येथें त्यांनीं ही पद्धति लोकांसमोर मांडली. वैद्यवर्गानें तिची दखल घेण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९६० नंतरच्या दशकांत योहानेस आस्डोंक या जर्मन डॉक्टरांनीं तिची शास्त्रीय पारख केली, आणि मायदेश सोडून जर्मनींत आलेल्या मिहाय व एथेल फोल्डी या हंगेरियन डॉक्टर दांपत्यानें ब्लॅक फॉरेस्ट डोंगरांतील हिंटरझार्टन येथें तिला पूर्ण उपचाराचें रूप दिलें.

घट्ट बाहीची हकीकतही अशीच मनोरंजक आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेले जर्मन यंत्रशास्त्रज्ञ कॉनराड जॉब्स्ट यांच्या पायांच्या शिरा फार बिघडलेल्या होत्या. पोहण्याच्या तलावांत उभें राहिलें म्हणजे पायांस आराम पडतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं विचार केला, पाण्याचा दाब तळाशीं अधिक व वर कमी असतो. तसाच दाब देणारा मोजा विणतां आला तर? त्यांतून १९५० च्या सुमारास मापानुसार विणलेले दाबाचे मोजे सिद्ध झाले. हाताची बाही त्याच तत्त्वावर चालते: मनगटापाशीं दाब अधिक, दंडापाशीं कमी.

फोल्डी यांच्या उपचाराचीं अंगें चार. पहिलें त्वचेची निगा, कारण सुजलेल्या हातास लहानशी चीरही जंतूंना दार उघडून देते. दुसरें हलकें मर्दन. हें थेट सुजलेल्या हातापासून सुरू होत नाहीं. आधीं मान, छाती, पाठ व विरुद्ध बाजूची काख येथील निरोगी वाहिन्या मोकळ्या करतात, मग दंड, आणि सर्वांत शेवटीं पंजा. तुंबलेला चर वाहता करणारा शेतकरीही आधीं ओढ्याकडचें तोंड साफ करतो; वरून पाणी लोटण्यांत अर्थ नसतो. तिसरें अंग म्हणजे थरावर थर देऊन बांधलेली, फारशी न ताणणारी पट्टी. हात हलला कीं स्नायू आंतून व पट्टी बाहेरून दाबते आणि मधल्या द्रवास वाट काढावीच लागते. चौथें अंग म्हणजे पट्टी बांधलेल्या स्थितींत करावयाचा व्यायाम. पहिले कांहीं आठवडे हें सर्व तज्ज्ञाकडून नित्य करून घेतल्यावर सूज उतरते. त्यानंतर दिवसा बाही वापरून रोग्यानें स्वत:च ती उतरलेली ठेवावयाची असते. हा विकार बहुधा समूळ जात नाहीं, पण ताब्यांत राहतो. मधुमेहाप्रमाणें त्याच्याशीं जन्माचा व्यवहार ठेवावा लागतो. उपचारास उशीर झाला तर सांचलेल्या द्रवाच्या जागीं चरबी व तंतुमय पेशीजाल वाढतें, आणि मग केवळ पट्टीनें हात पूर्ववत् होत नाहीं. अशा जुनाट हातांतील चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमधील हाकान ब्रॉरसन यांनीं यशस्वी केली. अतिसूक्ष्म टांक्यांनीं लसीकावाहिन्या शिरांस जोडण्याची कलाही जपानमध्यें विशेष विकसित झाली. परंतु हे उपाय निवडक रोग्यांपुरते आहेत.

उपचार सांपडला तरी एक शत्रु उरलाच होता. तो म्हणजे भय. ज्या स्त्रीची काख साफ केली आहे तिनें त्या हातानें जड कांहीं उचलूं नये, जोराचें काम करूं नये, एकसारखी हालचाल करूं नये, अशा निषेधांची यादी तिला आयुष्यभरासाठीं देण्यांत येई. हेतु चांगला होता. परंतु या निषेधांना प्रयोगाचा आधार फार थोडा होता. न वापरलेला हात दुबळा होतो, दुबळा हात लहानशा कामानेंही शिणतो, आणि शिणला कीं सुजतो. म्हणजे ज्या संकटाची भीति त्यालाच आमंत्रण.

या भयाविरुद्ध पहिलें पाऊल रोगी स्त्रियांनींच टाकलें. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांच्यावर १९५२ सालीं मूलोच्छेदक शस्त्रक्रिया झाली. आतां पुढें हाताचें काय करावयाचें, हें सांगणारें कोणी नाहीं, असा अनुभव आल्यावर त्या स्वत:च इतर रोगी स्त्रियांच्या खाटेशीं जाऊं लागल्या. हाताच्या व्यायामासाठीं एक रबरी चेंडू, एक दोरी आणि धीराचे चार शब्द, हें त्यांचें साहित्य. कांहीं शस्त्रवैद्यांस ही ढवळाढवळ वाटली; तरी कार्य वाढत गेलें आणि १९६९ सालीं अमेरिकन कर्करोग संस्थेनें तें आपलेसें केलें.

निर्णायक घटना १९९६ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें घडली. तेथील विद्यापीठांतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनीं स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या २४ स्त्रियांस जाणूनबुजून अशा व्यायामास लावलें कीं, ज्यांत निषेधाच्या यादींतील सारेंच येत होतें. चिनी पद्धतीच्या लांब नावेंत बसून वल्हीं मारणें, म्हणजे दोन्ही हातांनीं, जोर लावून, पुन:पुन्हां तीच हालचाल करणें. आधीं कित्येक आठवडे अंगाची तयारी, मग हळूहळू वाढत जाणारा सराव, आणि मग शर्यत. आपल्या नावेचें नांव स्त्रियांनीं विनोदानेंच ठेवलें होतें. मॅकेन्झी यांनीं १९९८ सालीं या प्रयोगाची हकीकत कॅनडाच्या वैद्यक पत्रिकेंत प्रसिद्ध केली. एकाही स्त्रीस नव्यानें सूज आली नाहीं, आणि जिला आधींच होती तिची वाढली नाहीं. पुढें अशीं पथकें अनेक देशांत निघालीं.

चोवीस स्त्रियांचा अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे, अशी शंका शास्त्रज्ञ घेणारच, आणि ती घेतली गेली हें बरेंच झालें. अमेरिकेंतील कॅथरिन श्मिट्झ यांनीं मुळांतच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. एका गटानें वर्षभर बाही घालून, आरंभीं देखरेखीखालीं, अगदीं हलक्या वजनापासून आरंभ करून आठवड्यांतून दोनदां वजनें उचललीं. दुसरा गट नेहमीप्रमाणें राहिला. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सूज वाढलेल्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ११ व दुसऱ्यांत १२, म्हणजे जवळजवळ सारखेंच. परंतु विकार एकाएकीं उफाळून येण्याचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा १४, तर दुसऱ्यांत २९. ज्या वजनाची इतकीं वर्षें भीति घातली, त्यानेंच हाताचें रक्षण केलें. २०१६ सालीं बॉस्टनमधील ६३२ रोग्यांच्या पाहणींत असेंही आढळलें कीं, त्या हातांतून रक्त घेणें, सुई टोंचणें, रक्तदाब मोजणें किंवा विमानप्रवास करणें यांचा सूज वाढण्याशीं संबंध दिसत नाहीं. संबंध दिसला तो काखेंतील गांठी सरसकट काढण्याशीं, त्वचेच्या जंतुसंसर्गाशीं आणि शरीराच्या वाढलेल्या वजनाशीं.

इकडे शस्त्रवैद्यांचीही दृष्टि बदलत होती. १९४८ सालीं लंडनच्या पेटी व डायसन यांनीं छातीचा मोठा स्नायू राखूनही शस्त्रक्रिया करतां येते असें दाखविलें. अमेरिकेंतील बर्नार्ड फिशर यांनीं १९७१ पासून सोळाशेंहून अधिक स्त्रियांवर तुलनात्मक प्रयोग केला. मोठी शस्त्रक्रिया केली म्हणून आयुष्य अधिक लाभतें असें आढळलें नाहीं. मिलान येथील उंबेर्तो वेरोनेझी यांनीं केवळ रोगग्रस्त भाग काढून उरलेला स्तन राखला व त्यास किरणोपचाराची जोड दिली. त्यांचा व फिशर यांचा वीस वर्षांचा अनुभव २००२ सालीं एकदमच प्रसिद्ध झाला, आणि हॉल्स्टेड यांची श्रद्धा इतिहासजमा झाली. आतां काखेची पाळी आली. १९९४ सालीं कॅलिफोर्नियांतील अर्मांडो जुलियानो यांनीं स्तनांत निळा रंग टोंचून तो काखेंतील कोणत्या गांठींत प्रथम पोंचतो तें पाहिलें. ती गांठ म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. पहारेकरी निर्दोष असेल तर सारें गांव खणण्याचें कारण उरत नाहीं. २०१३ सालीं ७२ संशोधनांचा एकत्र आढावा निघाला, त्यांत काखेंतील गांठी सरसकट काढलेल्या स्त्रियांत सुजेचें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास, तर केवळ पहारेकरी गांठ तपासलेल्यांत शेंकडा ६ च्या आंत आढळलें.

मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, तेव्हां मूलोच्छेदक शस्त्रक्रियेचेंच युग होतें. जगांत जीं स्थित्यंतरें झालीं तींच पुढें तेथेंही झालीं. इतकेंच नव्हे तर रंग व किरणोत्सर्गी द्रव्य यांची सोय नसलेल्या ठिकाणीं काखेच्या तळच्या थोड्या गांठी काढून तोच निर्णय घेतां येईल काय, याचें संशोधनही तेथील शस्त्रवैद्यांनीं केलें. परंतु भारतांत अनेक स्त्रिया संकोचानें किंवा घरच्या कामामागें लागून रोग वाढल्यावरच वैद्याकडे येतात, आणि तोंपर्यंत काखेंतील गांठीही ग्रासलेल्या असतात. त्यामुळें काख साफ करण्याचा प्रसंग येथें अद्याप वारंवार येतो, आणि म्हणूनच या इतिहासाचा व्यावहारिक बोध येथील घरांस विशेष हवा.

तो बोध थोडक्यांत असा. शस्त्रक्रियेपूर्वींच दोन्ही हातांचीं मापें साध्या फितीनें ठराविक जागीं घेऊन लिहून ठेवावीं आणि पुढें दर कांहीं महिन्यांनीं तीं ताडून पाहावीं. बांगडी, अंगठी किंवा बाही एकाच हातास घट्ट होऊं लागली तर ती तेलपाणी लावून दामटूं नये. ती सूचना समजून डॉक्टरांस हात दाखवावा. पुष्कळदां काखेंतील नवी गांठ किंवा शिरेंतील अडथळा हेंही सुजेचें कारण असूं शकतें, म्हणून घरगुती निदान करूं नये. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीं ही सूज खऱ्या अर्थानें उतरत नाहीं, आणि जोरानें रगडून केलेली मालिश अपाय करते. विळी, सुई, गरम तवा यांपासून हात जपावा. चीर पडली तर लगेच धुवून औषध लावावें. हात लाल व गरम होऊन ताप भरला तर सकाळची वाट न पाहतां वैद्य गांठावा. बाही मापाचीच घ्यावी. उसनी किंवा अंदाजानें घेतलेली बाही मनगटांत काचून उलट सूज वाढविते. वजन आटोक्यांत ठेवावें. आणि शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर, तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, हात कामास लावावा. कणीक मळणें, केंस विंचरणें, दोरीवर कपडे घालणें हीं कामें त्या हातास वर्ज्य नाहींत. तीं थोड्यापासून सुरू करून क्रमानें वाढवावीं एवढेंच. घरच्या माणसांनींही मायेपोटीं प्रत्येक काम तिच्या हातांतून काढून घेऊं नये. मात्र कळशी वा पोतें एकदम उचलणें हें धाडस नव्हे, अविचार होय.

हॉल्स्टेड यांनीं १८९४ सालीं हिशेबांतून वगळलेला हात वैद्यकानें पुन्हां हिशेबांत घेतला, त्यास पाऊणशें ते शंभर वर्षें लागलीं. या काळांत वैद्यकास ज्यांनीं वाट दाखविली त्यांत पदवी नसलेले मर्दनकार होते, पायदुखीनें त्रासलेला यंत्रशास्त्रज्ञ होता, चेंडू व दोरी घेऊन खाटोखाट हिंडणारी एक बाई होती आणि वल्हीं धरून नावेंत बसलेल्या चोवीस स्त्रिया होत्या. यांच्या अनुभवाची शास्त्रज्ञांनीं कसोटी घेतली, म्हणून त्याचें ज्ञान झालें; पण प्रश्न प्रथम विचारला तो ज्यांचा हात दुखत होता त्यांनीं किंवा त्यांच्या जवळ बसणाऱ्यांनीं. कर्करोगाचें नांव ऐकतांच घरांतील माणसें डॉक्टरांस पहिला प्रश्न विचारतात, जीव वांचेल ना? तो विचारावयाचाच. परंतु त्यापाठोपाठ, काखेंतील किती गांठी काढणार आणि हाताची काळजी कोण शिकविणार, हा दुसरा प्रश्नही तितक्याच मोकळेपणानें विचारावा. तो विचारावयास आतां कोणासही संकोच वाटण्याचें कारण उरलेलें नाहीं.